सातासमुद्रापारची अशोकाची राणी

सम्राट अशोकाचे नाव घेतले की आपल्याला चक्र आठवते, सारनाथचे सिंह आठवतात, अशोक विजयादशमी आठवते. पण याच अशोकाच्या जीवनावर अमेरिकेत एक ऑपेरा झाला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? ऑपेरा म्हणजे तिकडचे संगीत नाटक. त्यात संवादसुद्धा गाऊनच म्हणायचे.

१९९७ च्या उन्हाळ्यात सान्ता फे या गावी ‘अशोकाज ड्रीम’, म्हणजे ‘अशोकाचे स्वप्न’, रंगमंचावर आले. संगीत पीटर लिबरसन यांचे. हे गृहस्थ जन्माने अमेरिकन, पण तिबेटी बौद्ध गुरूंकडे वर्षानुवर्षे ध्यानसाधना केलेले. अशोकाची राणी त्रिरक्षा झाली होती लोरेन हंट. आज या गायिकेची ओळख करून घेऊ.

उशिरा उमललेला गळा

लोरेनचा जन्म १ मार्च १९५४ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. आई-वडील दोघेही संगीत शिकवणारे. लोरेनने हाती घेतला तो व्हायोला. हे व्हायोलिनपेक्षा थोडे मोठे आणि खालच्या सुराचे वाद्य. वाद्यवृंदात व्हायोला वाजवून तिने बरीच वर्षे पोट भरले. गाण्याचे शिक्षण बॉस्टनला घेतले आणि १९८५ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तिला पहिली मोठी भूमिका मिळाली. पुढे व्हायोला चोरीला गेला, तेव्हा तिने दुसरा घेतलाच नाही. गाणे हाच मार्ग ठरला.

आपल्याकडे तिशी उलटलेल्या बाईने काही शिकायचे म्हटले की ‘आता या वयात?’ असे घरातलेच विचारतात. त्यांना लोरेनची गोष्ट जरूर सांगावी.

तिचा आवाज मेझो-सोप्रानो, म्हणजे बाईच्या अगदी वरच्या आणि अगदी खालच्या आवाजांच्या मधला. साधारण १६०० ते १७५० या काळातल्या संगीताला तिकडे बरोक म्हणतात. त्या काळच्या ऑपेरात तरुण नायकांच्या भूमिकाही उंच आवाजासाठी लिहिलेल्या असत, आणि आज त्या बहुधा मेझो गायिका करतात. बालगंधर्व पुरुष असून स्त्री-भूमिका करीत. इथे त्याच्या उलट. लोरेनची १९८५ ची भूमिकाही हॅन्डेलच्या ‘जुलियो चेझारे’मधली, बापाच्या खुनाचा बदला घेऊ पाहणाऱ्या मुलाची होती.

बरोक गाण्यात पहिला भाग पुन्हा म्हणताना ताना-हरकतींनी सजवायचा असतो. अनेक गायिका तिथे गळ्याची करामत दाखवतात. लोरेनची हरकत मात्र त्या पात्राच्या मनातून आल्यासारखी वाटे. म्हणूनच तिचे नाव झाले.

धर्म कोण ठरवणार?

१९९६ साली इंग्लंडमधील ग्लाइंडबर्न येथे हॅन्डेलची ‘थिओडोरा’ ही रचना नाटकासारखी सादर झाली. १७५० साली लंडनच्या श्रोत्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली होती. कथा रोमन सत्तेच्या काळातली. सुभेदार हुकूम सोडतो की साऱ्यांनी आमच्याच देवाची पूजा करावी, नाही तर शिक्षा. थिओडोरा ही ख्रिस्ती मुलगी वाकत नाही. ती मरण पत्करते. माणसाने काय मानावे हे सत्ता ठरवणार की माणूस स्वतः? हा प्रश्न आपल्याला काही नवा नाही. त्यात लोरेन थिओडोराची मैत्रीण आयरीन झाली होती. चहूकडे भीती असताना आपल्या माणसांना धीर देणारी बाई तिने अशी उभी केली की तो प्रयोग आजही नावाजला जातो.

दुःखाला सामोरी जाताना

‘अशोकाज ड्रीम’च्या निमित्ताने लोरेन आणि पीटर यांची मने जुळली. १९९९ साली त्यांनी लग्न केले. पण सुखाला दृष्ट लागली. लोरेनच्या बहिणीचा स्तनाच्या कॅन्सरने बळी घेतला आणि लोरेनलाही त्याच रोगाने गाठले. याच काळात दिग्दर्शक पीटर सेलर्स यांनी बाखची मृत्यूविषयीची गाणी रंगमंचावर आणली. लोरेन त्यात इस्पितळातला झगा घालून, अंगाला नळ्या लावलेली रोगी होऊन गायली. झगमगाट नाही, दागिना नाही. होते ते फक्त एक थकलेले शरीर आणि त्यातून निघणारा स्वर.

पतीने तिच्यासाठी पाब्लो नेरुदा यांच्या पाच प्रेमकवितांना चाली लावल्या. २००५ साली लॉस एंजेलिसमध्ये तिने त्या प्रथम गायल्या. एकाच्या जाण्यानंतरही प्रेम उरते, हा शेवटच्या गीताचा आशय. पुढच्याच वर्षी, ३ जुलै २००६ रोजी, सान्ता फे येथे तिने शेवटचा श्वास घेतला. वय अवघे ५२. त्या गीतांच्या ध्वनिमुद्रणाला २००८ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला, तेव्हा तो घ्यायला ती नव्हती. २०११ साली पीटरही गेले.

दुःख आहे, हे तथागतांनी सांगितले. लोरेनने ते गाण्यात कधी लपवले नाही. एखाद्या रविवारी कामे आटोपली की घरातल्या मुलीला मोबाईलवर लोरेन हंट लिबरसनचे गाणे लावायला सांगा. शब्द कळणार नाहीत. पण कलिंगचे रणांगण पाहून कळवळलेल्या राजाची राणी कोणत्या आवाजात गात होती, हे मात्र कळेल.