पुंगळीचा पेला मोडीत घालण्यापूर्वी

आपल्या सीमाभागात फौजी माणूस नाही असे गाव विरळाच. बेळगावच्या कॅम्प भागात मराठा लाइट इन्फंट्रीचे सेंटर आहे आणि मराठी बोलणाऱ्या घरांइतकीच कन्नड बोलणारी घरेही फौजेशी जोडलेली आहेत. अशा घरांच्या फडताळात पितळेचा जड मग, ॲशट्रे नाहीतर सिगारेटची डबी हमखास सापडते. ‘दारूची भांडी’ म्हणून आजी ती मागे सारते आणि दिवाळीच्या आवराआवरीत ती किलोच्या भावाने मोडीत जातात. मी गेली बारा वर्षे हीच भांडी जमवतो आहे. आमच्या घरात कुणी दारूला शिवत नाही, त्यामुळे सौभाग्यवतींनी या छंदाची पुरेशी थट्टा केली आहे!

या वस्तूंना इंग्रजीत ‘ट्रेंच आर्ट’ म्हणतात. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात तोफांच्या रिकाम्या पुंगळ्यांचे ढीग पडत. सैनिकांनी, पलटणीतल्या कारागिरांनी आणि युद्धकैद्यांनी त्या पितळेतून फुलदाण्या, मग, काड्यापेटीची कव्हरे घडवली. नाव खंदकाचे असले तरी बहुतेक काम आघाडीच्या मागे, शांत जागी होई. पुढे ही तऱ्हा इतकी आवडली, की तोफगोळ्याच्या आकाराचे कॉकटेल शेकर बाजारातही आले.

आपल्याकडची माणसे मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढली. कुतच्या वेढ्यात १०३ आणि ११० या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेने शरणागती पत्करली आणि कैदेत अनेकांचे प्राण गेले. त्याच मुलखातल्या अमारा गावचे साबियन सोनार चांदीवर काळ्या रंगात होड्या आणि उंट कोरून सिगारेटच्या डब्या विकत. अशी डबी आपल्या घरात असेल, तर ती तिकडून आलेली असू शकते.

भांडे हाती आले की मी आधी ते उलटे करतो. पुंगळीच्या तळाशी वर्ष, कारखान्याची खूण आणि ब्रिटिश सरकारी बाण ठोकलेला असतो. निपाणीकडच्या एका घरात पितळी मग होता. पणजोबांनी तो बसऱ्याहून आणला, अशी सगळ्यांची समजूत. तळाशी मात्र १९४३ साल निघाले! म्हणजे मग पणजोबांचा नव्हे, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या आजोबांचा. त्या आजोबांविषयी घरात कुणी फारसे बोलतच नसे. त्या संध्याकाळी आज्जी प्रथमच बोलल्या, अर्ध्या कन्नडमध्ये, अर्ध्या मराठीत. मी वहीत तसेच उतरवून घेतले. मग मी मागितला नाही. तो त्यांच्याच घरी शोभतो. एक मात्र ध्यानात ठेवावे, की ठोकलेले साल पुंगळीचे असते, भांडे नंतरही घडवलेले असू शकते.

काही सूचना आवर्जून कराव्याशा वाटतात. चिंच-मीठ लावून जोराने घासू नका, कोरलेले नाव पुसट होते. कोरड्या मऊ फडक्याने पुसले तरी पुरे. कल्हई नसलेल्या या भांड्यांतून ताक, सरबत किंवा मद्य पिऊ नये. आंबट पदार्थाने पितळ उतरते आणि जुन्या डागात शिसेही असू शकते. टोकाला गोळा असलेली किंवा न फुटलेली वाटणारी वस्तू हलवूच नका, पोलिसांना कळवा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते, तेव्हा परदेशातल्या ग्राहकाला ती परस्पर पाठवू नये.

मोडीत पितळेचे चार पैसे येतील, पण तळावरचे साल भट्टीत जाईल. तेव्हा यंदा फडताळ आवरताना भांडे उलटे करून पाहा. तळावर जे दिसेल ते कागदावर उतरवा, कुणाचे होते ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आणि ती चिठ्ठी भांड्यातच ठेवा. मराठीत लिहा की कन्नडमध्ये, नातवंडांना वाचता आले म्हणजे झाले.