एसी लावला तर पोचू का?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीचं एक कुटुंब पुण्याहून सोलापूरला निघालं होतं. इलेक्ट्रिक गाडी, बॅटरी ४० युनिटची. नवरा-बायको, शाळकरी मुलगा आणि मागच्या सीटवर ७२ वर्षांच्या आई. टेंभुर्णी ओलांडली तेव्हा पडद्यावर बॅटरी ४० टक्के दिसत होती आणि सोलापूर ८५-एक किलोमीटर होतं. चालवणाऱ्याने एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि 'लवकर पोचू' म्हणून ताशी १०० चा वेग तसाच ठेवला. बाहेर बेचाळीस डिग्री. मोहोळला आईंना चक्कर आली. गाडी थांबवून मीठ-साखरेचं पाणी द्यावं लागलं. त्या सावरल्या, सगळे सुखरूप पोचले. पण आज आम्ही बोलणार आहोत ते एसी बंद करण्याच्या त्या निर्णयाबद्दल. तो चुकीचा होता, आणि चुकीचा का, हे साध्या गुणाकार-भागाकाराने दाखवता येतं.

आधी एक प्रश्न. इलेक्ट्रिक गाडीत दोन बॅटऱ्या असतात हे किती जणांना ठाऊक आहे? हात वर करा... थोडेच आले. चला, मग तिथूनच सुरू करू.

मोठी बॅटरी सीटखाली, गाडीच्या तळाला असते. तिचा दाब साधारण ३०० ते ४०० व्होल्ट. बॉनेटखाली नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसतात ना, त्या तिच्या. आणि दुसरी असते आपली नेहमीची १२ व्होल्टची छोटी बॅटरी, पेट्रोल गाडीत असते तशीच. हेडलाइट, वायपर, हॉर्न, काचा वरखाली करणाऱ्या मोटारी, म्युझिक सिस्टिम, स्टिअरिंगला मदत करणारी मोटार, एअरबॅग, दारांची कुलुपं आणि गाडीतले सगळे छोटे संगणक हे सर्व या १२ व्होल्टवर चालतं.

मग ही छोटी बॅटरी चार्ज कोण करतं? पेट्रोल गाडीत इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर करतो. इथे इंजिनच नाही. म्हणून डीसी-डीसी कन्व्हर्टर नावाचा एक डबा मोठ्या बॅटरीतली वीज घेतो, दाब उतरवून १२ व्होल्टच्या बाजूला देतो. म्हणजे तुम्ही हॉर्न वाजवलात तरी शेवटी वीज मोठ्या बॅटरीचीच गेली. वेगळी फुकटची वीज कुठेही नाही.

दोन उपकरणं मात्र १२ व्होल्टवर चालू शकत नाहीत, कारण त्यांची भूक फार मोठी आहे. एक एसीचा कॉम्प्रेसर, दुसरा हीटर. ही दोन्ही थेट नारिंगी केबलवर बसवलेली असतात. आजच्या व्याख्यानातला निम्मा मुद्दा या एका वाक्यात आहे. रेंज खातात ती ही दोन. बाकीचे सगळे चिल्लर.

किती चिल्लर? घरच्या लाइट बिलातला युनिट घेऊ. एक किलोवॉटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. एलईडी हेडलाइटची जोडी साधारण ५०-६० वॉट. म्युझिक नेहमीच्या आवाजात ३०-५० वॉट. मोबाइलचा चार्जर १०-२० वॉट. गाडी नुसती 'ऑन' आहे, संगणक आणि पडदे जागे आहेत, तर २००-३०० वॉट. रात्री हेडलाइट लावून, गाणी ऐकत, दोन मोबाइल चार्ज करत तुम्ही तासभर गेलात तर या तिघांचा मिळून साधारण एक अष्टमांश युनिट होतो. तेवढ्यात गाडी एखादा किलोमीटर जाते. तेव्हा रेंज वाचवायची म्हणून अंधारात दिवे मंद करू नका, पावसात वायपर थांबवू नका. हे आम्ही गमतीने सांगत नाही, अशी माणसं आम्हाला भेटली आहेत.

आता एसी. उन्हात तापलेली गाडी गार करताना पहिली दहा-पंधरा मिनिटं तो दोन-तीन किलोवॉट ओढतो. आतलं तापमान जमलं की एक किलोवॉटच्या आसपास येतो, मेच्या भर दुपारी दीडपर्यंत राहतो. लोक विचारतात, 'एसीने रेंज किती टक्के कमी होते?' या प्रश्नाला एक उत्तर नाही, आणि त्याचं कारण रिक्षात बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

रिक्षाचं मीटर दोन प्रकारे पळतं. रिक्षा चालली की किलोमीटरने, आणि थांबली की वेटिंगने, म्हणजे घड्याळाने. इलेक्ट्रिक गाडीतही अशी दोन मीटरं आहेत, फक्त ती दोन्ही सतत एकाच वेळी चालू असतात. चाकं फिरवायची वीज किलोमीटरवर लागते. एसीची वीज तासावर लागते. एसीला तुम्ही किती लांब गेलात याच्याशी देणंघेणं नाही, तो किती वेळ चालला एवढंच तो मोजतो.

मध्यम आकाराची गाडी घ्या. हायवेवर ताशी ८० ने १०० किलोमीटर जायला सवा तास आणि चाकांना साधारण १४ युनिट. एसी सवा तास चालला, एक किलोवॉटने सवा युनिट. वाढ झाली नऊ टक्के. ४० युनिटच्या बॅटरीत २८५ किलोमीटर जाणारी गाडी २६० जाईल. ठीक आहे.

तीच गाडी शहरात. सिग्नल, गर्दी, सरासरी वेग ताशी २०. चाकांना १०० किलोमीटरला ११ युनिटच पुरतात, कारण हवेचा विरोध कमी आणि ब्रेक मारताना थोडी वीज परत येते. पण १०० किलोमीटरला लागले पाच तास! एसीने खाल्ले पाच युनिट. अकराचे सोळा झाले. ३६० किलोमीटरची रेंज २५० वर आली. एसी तोच, गाडी तीच.

आणखी छोटं अंतर बघा. घर ते ऑफिस पाच किलोमीटर, पंधरा मिनिटं, गाडी उन्हात उभी होती. चाकांना लागलं अर्ध्या युनिटपेक्षा किंचित जास्त. गाडी गार करायलाही जवळपास तेवढंच. आणि गाडी गार झाली तेव्हा तुम्ही उतरलात.

गंमत अशी की माणूस एसीला घाबरतो हायवेवर, आणि एसी रेंज खातो शहरात. शहरात ती गेली तरी बिघडत नाही. रात्री घरी येऊन प्लग लावायचाच असतो.

कंपन्यांनी छापलेली रेंज आणि हाती येणारी रेंज यांत फरक का पडतो, त्याचंही एक कारण इथेच आहे. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटची होती आणि एआरएआयने प्रमाणित केलेली रेंज ३१२ किलोमीटर. भागाकार केला तर १०० किलोमीटरला दहा युनिटही नाहीत. ती चाचणी प्रयोगशाळेत ठरावीक चक्रानुसार होते, वेग ताशी ९०च्या वर जात नाही, आणि एसी बंद असतो. आकडा खोटा नाही, पण तो मे महिन्यातल्या सोलापूर रस्त्याचा नाही.

आता पुन्हा टेंभुर्णीला जाऊ. ४० टक्के म्हणजे १६ युनिट हातात. अंतर ८५ किलोमीटर.

ताशी १०० ने ही गाडी १०० किलोमीटरला १८ युनिट घेते. ८० ला १४. चार युनिटांचा फरक कुठून आला? हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० म्हणजे वेग सव्वापट, पण हवेची ओढ दीडपटीहून जास्त. मोजा मग. १०० ने, एसी लावून गेले असते तर ८५ किलोमीटरला साडेसोळा युनिट लागले असते. पोचलेच नसते. इथपर्यंत त्या गृहस्थांची भीती खरी होती. एसी बंद करून १०० ने गेले, सव्वापंधरा युनिट. जेमतेम पोचले. शिवाय काचा उघड्या होत्या, त्यांनी हवेची ओढ आणखी वाढवली, तो हिशोब यात धरलेलाच नाही. आणि ८० ने, एसी पूर्ण चालू ठेवून? साडेतेरा युनिट. आत गार हवा, हातात अडीच युनिट शिल्लक. किंमत किती? तेरा मिनिटं उशीर.

आकडे ढोबळ आहेत. गाडीगणिक, वाऱ्यागणिक बदलतील. पण क्रम बदलणार नाही. हायवेवर बॅटरी कमी पडते असं वाटलं की आधी पाय उचला, एसीला हात शेवटी लावा. मागे म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर लावूच नका, वाटेत चार्जिंगला थांबा.

दुसरी भीती घाटातल्या जॅमची. सुट्टीच्या दिवशी खंडाळ्याच्या घाटात तीन तास अडकलो, एसी चालू, मग? आता हिशोब तुम्हीच करा. गाडी उभी, चाकांचं मीटर बंद, घड्याळाचं चालू. एसी एक किलोवॉट, संगणक वगैरे पाव-एक. तीन तासांचे चार युनिट, ४० च्या बॅटरीतले दहा टक्के. निम्मी बॅटरी असेल तर रात्रभर तिथे बसता येईल. पेट्रोल गाडी मात्र तिथे एसीसाठी अख्खं इंजिन फिरवत उभी असते.

थंडीची गोष्ट वेगळी आहे, आणि महाराष्ट्रात राहून ती आपल्याला पटकन कळत नाही. ज्यांची मुलं परदेशात आहेत, त्यांनी फोनवर ऐकली असेल. पेट्रोल इंजिन जाळलेल्या इंधनातला मोठा भाग उष्णता म्हणून वाया घालवतं, आणि हीटर त्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालतो. हीटर फुकट पडतो तो इंजिन अकार्यक्षम आहे म्हणून! इलेक्ट्रिक मोटार फारशी तापत नाही, तेव्हा आतली ऊब बॅटरीतून विकत घ्यावी लागते. साधा हीटर म्हणजे इस्त्रीसारखी तापणारी वस्तू, एक युनिट विजेची एक युनिट ऊब. एसीचं तसं नाही. एसी उष्णता तयार करत नाही, तो हमालासारखा आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, आणि एका युनिटच्या मजुरीत दोन-तीन युनिटची उष्णता हलवतो. त्यात तापमानाचा फरक बघा. आपल्याकडे बाहेर ३८, आत २४, चौदा डिग्रीचं काम. तिकडे बाहेर उणे सात, आत एकवीस, अठ्ठावीस डिग्रीचं.

अमेरिकेतल्या ट्रिपल-ए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१९ मध्ये पाच इलेक्ट्रिक गाड्या तपासल्या. ३५ डिग्रीला एसी लावून रेंज सरासरी १७ टक्के घटली. उणे सातला हीटर लावून ४१ टक्के. यावरचा उपाय म्हणजे हीट पंप, हमालाला उलट्या दिशेने कामाला लावायचं, बाहेरच्या थंड हवेतली उष्णता उचलून आत आणायची. निसान लीफमध्ये तो २०१३ च्या सुमारास आला, टेस्लाने २०२० मध्ये मॉडेल वायपासून बसवला. नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळपास नऊ इलेक्ट्रिक होत्या. तिथली माणसं गाडी प्लगला असतानाच आतून गरम करून घेतात, म्हणजे ती वीज भिंतीतून जाते, बॅटरीतून नाही.

ही युक्ती आपण उन्हाळ्यात उलटी वापरायची. निघण्याआधी दहा मिनिटं, प्लग लावलेला असताना, मोबाइलवरून एसी सुरू करा. ते सुरुवातीचे दोन-तीन किलोवॉट भिंतीतून येतील. आणि गाडी सावलीत लावा. झाडाची सावली एसीचं निम्मं काम फुकट करते.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय, तो घेऊन थांबू. 'महिनाभर गावी गेलो होतो, बॅटरी ७० टक्के ठेवली होती. परत आलो तर गाडीचं दारच उघडेना. बॅटरी गेली कुठे?'

मोठी बॅटरी कुठेही गेली नव्हती. मेली होती ती छोटी. मोठ्या बॅटरीच्या तोंडाशी दोन जाडजूड स्विच असतात, काँटॅक्टर. ते जोडायला आणि जोडलेले ठेवायला १२ व्होल्टच लागतात. अपघात झाला की मोठा दाब लगेच तोडता यावा आणि तरीही धोक्याचे दिवे, कुलुपं, एअरबॅग चालू राहावेत, म्हणून हे दोन संसार वेगळे ठेवले आहेत. पण त्यामुळे छोटी मेली की मोठीच्या २८ युनिटांना किल्लीच उरत नाही. तुम्ही चिठ्ठीत पुढे लिहिलंय की बाहेरून डॅशकॅम बसवून घेतला होता. तिथेच उत्तर आहे. छोट्या बॅटरीत साधारण ४०० वॉट-तास असतात, अर्ध्या युनिटहून कमी. पाच वॉटचा कॅमेरा गाडी बंद असतानाही चालू राहिला तर साडेतीन दिवसांत ती रिकामी. काही गाड्या उभ्या असताना मधूनमधून मोठीतून छोटीला चार्ज देतात, सगळ्या देत नाहीत.

कॅमेऱ्याची वायर गाडी बंद केल्यावर बंद होणाऱ्या फ्यूजवर घ्या. छोट्या बॅटरीला बाहेरून दुसऱ्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा आधार दिला की गाडी जागी होते, कारण इंजिन फिरवायचं नसतं, फक्त संगणक उठवायचे आणि ते स्विच जोडायचे असतात. पण ती बॅटरी कुठे बसवली आहे, बॉनेट आणि दार किल्लीने कसं उघडायचं, हे आज घरी गेल्यावरच मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. दार बंद पडतं त्या दिवशी मॅन्युअल आत असतं.