हा व्हिडिओ बघणार कोण?

जनसंवाद शिकवणाऱ्या महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून म्युझिक व्हिडिओ करायला सांगतात, तेव्हा रॅप निवडणारा एखादा तरी गट हमखास निघतो. त्यामागचं कारण सरळ आहे. रॅपला वाद्यवृंद लागत नाही, गळा तयार असावा लागत नाही. लागतो तो ठेका, वही आणि सांगण्यासारखं काहीतरी. गाणं लिहून होतं, आणि पहिल्याच बैठकीत सामानाची यादी सुरू होते: काळे गॉगल, गळ्यात जाड साखळी, मित्राची बाइक, रंगवलेली भिंत, जमलंच तर धूर. हे सगळं कोणासाठी, हा प्रश्न मात्र त्या बैठकीत येतच नाही. माझ्या मते तोच पहिला यायला हवा. रॅपची चांगली दृश्यशैली एका अभ्यासातून सापडते: हे गाणं कोणाचं, आणि ते कोण, कुठे बसून बघणार?

ज्या शैलींची आज नक्कल होते, त्या याच प्रश्नातून जन्मल्या. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या एका इमारतीत डीजे कूल हर्कने वाजवलेली पार्टी हिप-हॉपची सुरुवात मानली जाते. 1982 साली ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्हचं ‘द मेसेज’ आलं. गाणं मोडकळीला आलेल्या वस्तीचं, म्हणून व्हिडिओही न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर उतरला. 1988 मध्ये ‘यो! एमटीव्ही रॅप्स’ हा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला आणि रॅप अमेरिकेतल्या घराघरांतल्या टीव्हीवर पोहोचलं. मग त्या छोट्या पडद्यावर नजर खिळवून ठेवायची गरज निर्माण झाली. 1997 मध्ये दिग्दर्शक हाइप विल्यम्सने रॅपर मिसी एलियटच्या ‘द रेन’साठी फिशआय लेन्स वापरली. या लेन्समध्ये मधली वस्तू फुगून बघणाऱ्याच्या अंगावर आल्यासारखी दिसते आणि कडा वाकतात. मिसीचा हवा भरलेला काळा पोशाख त्या लेन्समधून आणखी प्रचंड दिसला. लेन्स, पोशाख आणि गायिकेची बेधडक वृत्ती एकाच गोष्टीसाठी राबत होती.

पैशाचं म्हणाल, तर लंडनच्या रॅपर स्केप्टाचं उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावं. त्याच्या ‘दॅट्स नॉट मी’चा व्हिडिओ अवघ्या 80 पौंडांत झाला आणि 2014 सालच्या मोबो पुरस्कारांत तोच सर्वोत्तम ठरला. गाण्यात तो दिखाऊ कपडे, दिखाऊ जगणं नाकारतो. चित्रही तसंच आहे, तिथल्या ग्राइम संगीताच्या सुरुवातीच्या काळातल्या हौशी व्हिडिओंची आठवण करून देणारं. त्याच वर्षी आपल्याकडे कुर्ल्याच्या रॅपर नेझीचं ‘आफत’ आलं. आयपॅडवर ध्वनिमुद्रण, आयपॅडवरच चित्रण. पुढच्या वर्षी अंधेरीच्या जे. बी. नगरचा डिव्हाइन आणि नेझी यांचं ‘मेरे गली में’ गाजलं. गल्ली हेच लोकेशन आणि गल्लीतली पोरं हाच ताफा. ज्यांच्यासाठी गाणं होतं, त्यांना पडद्यावर आपलाच रस्ता ओळखू आला.

प्रेक्षक म्हणजे नेमका कोण?

‘आजची तरुणाई’ हे उत्तर बाद समजावं. त्यातून कोणता शॉट घ्यायचा, हे कळत नाही. एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातल्या एका गटाने स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांवर मराठी रॅप लिहिलंय. सदाशिव पेठेतली कॉट बेसिसवरची खोली, चोवीस तास उघडी अभ्यासिका, मेसचा डबा, कधी एकदा भरतीची जाहिरात निघते याची वाट आणि कट-ऑफची धास्ती. या गाण्याचा पहिला प्रेक्षक तो उमेदवार. तो अभ्यासिकेतून मेसकडे चालत जाताना, कानात इअरफोन घालून, उभ्या धरलेल्या मोबाइलवर व्हिडिओ बघणार. दुसरा प्रेक्षक गावाकडचा. भाऊ, बहीण, शाळेतला मित्र. त्यांच्यापर्यंत व्हिडिओ जाणार व्हॉट्सअॅपवरून, तोही तुकड्यातुकड्याने. तिसरे आई-वडील, ज्यांना रॅपची सवय नाही आणि भराभर निघून जाणारे शब्द सगळे पकडता येणार नाहीत.

या तिघांकडून तीन निर्णय निघतात. पहिल्यासाठी तपशील अचूक हवा, कारण अभ्यासिकेचं टेबल खोटं वाटलं तर तो तिथेच व्हिडिओ बंद करेल. दुसऱ्यासाठी हुक, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, वेगळी काढून पाठवता येईल अशी चित्रित व्हायला हवी. तिसऱ्यासाठी पडद्यावर शब्द उमटायला हवेत, मोठ्या आणि सुवाच्य देवनागरीत.

ही माहिती मिळवायला ऑनलाइन फॉर्म सोयीचा असतो, पण त्यातून फार तर पसंती कळते. सवयी कळायला माणसांबरोबर बसावं लागतं. पाच-सहा उमेदवारांना गाठा, त्यांना त्यांच्याच मोबाइलवर त्यांच्या आवडीचे दोन व्हिडिओ लावायला सांगा आणि फक्त बघा. अंगठा कुठे पुढे सरकवतो? कोणता भाग मागे नेऊन पुन्हा बघतात? शेजारच्याला दाखवावंसं कधी वाटतं? नंतर ‘आवडलं का?’ असं विचारू नका, समोरचा भिडेखातर हो म्हणतो. ‘काय लक्षात राहिलं?’ असं विचारा. उत्तरात एखादी वस्तू येते, एखादा चेहरा येतो, आणि तिथून तुमची शैली सुरू होते. याच भेटीत अभ्यासिकेतल्या टेबलांचे जवळून फोटो घ्या, अर्थात परवानगीने. काचेखाली ठेवलेलं वेळापत्रक, खुर्चीला बांधलेली उशी, थर्मास, पानोपानी खुणांच्या रंगीत पट्ट्या लावलेलं राज्यघटनेचं पुस्तक. अशी यादी घरबसल्या सुचत नाही.

शब्द आणि चित्र यांचं नातं

संगीत व्हिडिओंचे अभ्यासक अँड्र्यू गुडविन यांनी 1992 च्या ‘डान्सिंग इन द डिस्ट्रॅक्शन फॅक्टरी’ या पुस्तकात या नात्याचे तीन प्रकार सांगितले. चित्र शब्दांना दुजोरा देतं, त्यांच्यात नवी भर घालतं किंवा त्यांच्या उलट जातं. विद्यार्थी बहुधा पहिल्या प्रकारावरच थांबतात. शब्दांत डबा आला की पडद्यावर डबा. असं दोन मिनिटं चाललं तर डोळे कंटाळतात, कारण कानाने ऐकलेलंच ते पुन्हा सांगत असतात.

आपल्या उदाहरणात बघा. गाण्यातला मुलगा फोनवर आईला म्हणतो, जेवलो, सगळं छान चाललंय. चित्रात तो जिन्यात बसलाय आणि डबा तसाच बंद आहे. इथे चित्र शब्दांच्या उलट गेलं आणि त्या मुलाचं न सांगितलेलं सगळं बघणाऱ्याला कळलं. पुढच्या कडव्यात तो परीक्षेच्या तारखांबद्दल बोलतो. चित्रात भिंतीवरचं कॅलेंडर बदलतं, पण खुर्ची, पंखा, खिडकी जागच्या जागी. ही झाली भर. गाण्याची प्रत्येक ओळ वहीत उतरवून समोर ‘दुजोरा’, ‘भर’ किंवा ‘उलट’ असं लिहिलं, की व्हिडिओ कुठे सपाट होतोय ते शूटिंगआधीच दिसतं.

संदर्भासाठी निवडलेले व्हिडिओही असेच उलगडावेत. आवाज बंद करून एक व्हिडिओ बघा आणि तक्ता करा: कितव्या सेकंदाला चेहरा पहिल्यांदा दिसला, किती सेकंदांनी कट आला, कॅमेरा कधी स्थिर आणि कधी हातात, रंग कोणते. मूडबोर्डवर सुंदर फोटो चिकटवणं सोपं असतं. प्रत्येक फोटोखाली ‘हा आपल्या कोणत्या ओळीसाठी?’ याचं उत्तर लिहिता आलं, तरच तो ठेवावा.

ठेक्याचं गणित, उजेडाचं गणित

रॅपमध्ये एडिटिंग बीटवर चालतं, त्यामुळे थोडं गणित हाताशी असावं. मिनिटाला 90 ठोक्यांची बीट असेल, तर चार ठोक्यांचा एक बार 2.67 सेकंदांचा होतो आणि सोळा बारचं कडवं सुमारे 43 सेकंदांचं. प्रत्येक बारला एक कट दिला, तरी एका कडव्याला सोळा शॉट लागतात. हा हिशेब आधी मांडला, की एका दिवसात किती शूट होईल याचा अंदाज येतो.

उजेडाचंही तसंच. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. मोबाइल स्वतःच शटर ठरवत असेल, तर चित्रात काळे पट्टे सरकताना दिसू शकतात. फ्रेमरेट 25 आणि शटर 1/50 असं हाताने ठरवलं की ते टळतात. मग अभ्यासिकेचा तो फिकट पांढरा उजेड जसाच्या तसा वापरता येतो. हा उजेड उमेदवाराच्या ओळखीचा आहे. त्यावर झगमगीत रंगांचे दिवे टाकून तो झाकू नये. संथ हालचालीतही ओठ शब्दांशी जुळलेले हवे असतील, तर गाणं दुप्पट वेगाने वाजवून 50 फ्रेमने चित्रित करतात आणि नंतर 25 ने दाखवतात. भरगच्च कडवं दुप्पट वेगात म्हणणं जमणार नाही, म्हणून ही युक्ती हुकसाठी राखावी.

परवानग्याही याच टप्प्यावर बघाव्यात. इंटरनेटवरून घेतलेल्या बीटचा परवाना कशापुरता आहे, हे वाचून ठेवा. रेल्वेच्या हद्दीत चित्रीकरणासाठी रेल्वेची परवानगी लागते. अभ्यासिकेत बसलेल्या मुलांना विचारल्याशिवाय त्यांचे चेहरे दाखवू नयेत. ज्यांच्या बाजूने गाणं उभं राहतं, त्यांचीच अडचण करणं कोणत्याही कलेला शोभत नाही.

पहिलं कच्चं एडिट झालं, की ज्या पाच-सहा जणांपासून सुरुवात केली त्यांनाच ते दाखवा. एकदा आवाजासह, एकदा आवाजाशिवाय. आवाज नसताना गोष्ट निसटली तर चित्र कमी पडतंय, आवाज असूनही हुक आठवली नाही तर तिथलं दृश्य शब्दांवर मात करतंय. मग दुरुस्तीला दिशा मिळते.

मराठी रॅप आता मुंबईपुरतं उरलेलं नाही. अमरावतीचा 100 आरबीएच वऱ्हाडी बाज घेऊन टीव्हीच्या स्पर्धेपर्यंत गेला. मुंबईतही ‘स्वदेसी’ या गटाच्या एमसी मवालीने मराठीत रॅप केलं, आणि ‘द वारली रिव्होल्ट’साठी आरेचे आदिवासी कलावंत प्रकाश भोईर या गटाबरोबर गायले. प्रत्येकाची बोली वेगळी आणि जागा वेगळी, तेव्हा चित्रंही वेगवेगळी निघायला हवीत. शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, गुण देताना तयार व्हिडिओइतकीच ही अभ्यासाची वही तपासा. आणि मुलांनो, बाइक मित्राला परत करा, वही घ्या आणि ज्यांच्यासाठी गाणं लिहिलंत त्यांच्याकडे आधी जाऊन बसा.