आज्ञावलीची दारातली तपासणी

भोर-वेल्ह्याकडच्या दूध संकलन केंद्रावर तुम्ही पाहिले असेल. दूध मोठ्या भांड्यात ओतण्यापूर्वी त्याला लॅक्टोमीटर लावतात, स्निग्धांश तपासतात. का बरे? एकदा सर्वांचे दूध एकत्र झाले, की खराब दूध वेगळे काढता येत नाही. संगणकाच्या आज्ञावलींचेही काहीसे असेच आहे.

जी आज्ञावली कोणीही वापरावी, तिची मूळ संहिता वाचावी, बदलावी व इतरांना द्यावी अशी मुभा असते, तिला मुक्त आज्ञावली म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या 'ग्नू' प्रकल्पाचे 'सॅव्हाना' हे भांडार अशा आज्ञावलींना इंटरनेटवर विनामूल्य जागा देते. मात्र स्वयंसेवक संहिता आधी तपासतात.

समजा, पर्जन्यमापकाच्या रोजच्या नोंदींवरून महिन्याचा एकूण पाऊस काढणारी आज्ञावली तुमच्या वर्गाने लिहून तेथे पाठवली. तपासणारे काय पाहतील?

पहिली गोष्ट परवाना. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार आज्ञावली ही साहित्यकृती ठरते. लेखकाच्या परवानगीवाचून तिच्या प्रती वाटता येत नाहीत. म्हणून परवाना स्पष्ट लिहिलेला आणि ग्नूच्या 'जीपीएल' परवान्याशी जुळणारा हवा.

दुसरी गोष्ट, प्रत्येक फाइलच्या माथ्यावर हक्कदाराचे नाव, वर्ष आणि परवाना. एखादी फाइल सुटी होऊन दुसऱ्या प्रकल्पात गेली, तरी तिची ओळख पुसता कामा नये.

तिसरी गोष्ट, आज्ञावली कोणत्याही बंदिस्त आज्ञावलीवर अवलंबून नसावी. चित्रे व टंकही मुक्त हवेत. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' हा देवनागरी टंक मुक्त परवान्याचा आहे, तो चालेल. कुठून तरी उतरवून घेतलेला टंक चालणार नाही.

उणीव आढळली, तर ती कळवतात. दुरुस्त करून पुन्हा अर्ज करता येतो. 'गिटहब'वर अशी पूर्वतपासणी नसते. तेथे परवाना आहे की नाही, हे घेणाऱ्यानेच पाहायचे.

गंमत अशी, की तुमची बेरीज अचूक येते का, हा या तपासणीचा मुख्य प्रश्नच नाही! बेरजेतली चूक पुढेही सुधारता येते. पण परवाना नसेल आणि लिहिणारी मुले दहावी होऊन निघून गेली असतील, तर ती चूक सुधारून वाटण्याचा अधिकार कोणाला?

तुमच्या शाळेतील एखादी आज्ञावली उघडा आणि हे तीन प्रश्न तिला विचारून पाहा.