पाळींव पोपटास नासण्याजोगें खेळणें कां हवें?

ज्वारी हुरड्यास आली म्हणजे पोपटांचे थवे शिवारांत उतरूं लागतात व राखणदाराची गोफण पहांटेपासून फिरूं लागते, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. चिमणी कणसावर बसली तर दाणा टिपते आणि उडून जाते. पोपटाची रीत निराळी. तो कणीस मुळापासून कुरतडतो, चार दाणे खातो, बाकीचें खालीं टाकतो आणि दुसऱ्या कणसावर जातो. पेरूच्या बागेंत तर एकेका फळास एकेक चावा घेऊन दहा फळें वाया घालवितो. ‘खातो पसाभर, नासतो पायलीभर’ असें आपण वैतागून म्हणतों. तालुका कचेरींत पिकांच्या नुकसानीचे कागद लिहितांना ही तक्रार आम्हीं इतक्या वेळां ऐकिली आहे कीं, पोपट हा पक्षी निव्वळ खोडसाळ आहे असेंच कोणासही वाटावें. परंतु ही खोड नव्हे. ती त्याची वृत्ति आहे, आणि ज्यानें घरीं पोपट ठेविला आहे त्यानें ही गोष्ट न ओळखल्यास त्या मुक्या प्राण्याचे फार हाल होतात. ते कसे, हें सांगण्यासाठीं हा लेख आहे.

प्रथम कायद्याची बाब सांगून टाकितों, कारण तिच्याविषयीं खेड्यापाड्यांत अद्याप गैरसमज आहे. आपल्याकडील राघू, मोठा पहाडी पोपट, जांभळ्या डोक्याचा पोपट हे सर्व वन्य पक्षी १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखालीं संरक्षित आहेत. ते पकडणें, विकणें वा पिंजऱ्यांत ठेवणें हा गुन्हा आहे. आजोबांच्या वेळेपासून ओसरीवर राघूचा पिंजरा टांगलेला असे, ही सबब चालत नाहीं. कोणाच्या घरीं असा पक्षी असेल तर त्यानें तो आपल्या मनानें सोडूनही देऊं नये, कारण वर्षानुवर्षें कोंडलेल्या पक्ष्यास उडण्याचें बळ राहत नाहीं व चारा शोधतां येत नाहीं. वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावें हें बरें. परदेशी जातींची गोष्ट वेगळी. ऑस्ट्रेलियांतील बजरीगर व कॉकटील, आफ्रिकेंतील लव्हबर्ड व करडा पोपट, दक्षिण अमेरिकेंतील मकाव हे आतां आपल्याकडील तालुक्याच्या गांवींही दिसूं लागले आहेत. यांपैकीं करडा पोपट व मकाव यांसारख्या जाती आंतरराष्ट्रीय कराराच्या यादींत असल्यामुळें २०२४ सालच्या नियमांप्रमाणें त्यांची परिवेश या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. पुढील विवेचन अशा कायदेशीर रीतीनें पाळलेल्या पक्ष्यांस उद्देशून आहे.

आतां पोपटाची चोच पाहा. कोंबडीची वरची चोच डोक्याच्या कवटीशीं जवळजवळ घट्ट असते. पोपटाची वरची चोच कवटीस बिजागरीसारखी जोडलेली असून ती खालच्या चोचीप्रमाणेंच वर-खालीं हलते, म्हणून तिच्यांत अडकित्त्याचें बळ येतें. जीभ मांसल व जाड, दाणा चोचींत फिरवून त्याचें टरफल अचूक काढणारी. पायाचीं दोन बोटें पुढें व दोन मागें, त्यामुळें पायाचा हातासारखा उपयोग होतो. एवढीं तीन हत्यारें देवानें उगाच दिलेलीं नाहींत. कठीण कवचाचीं फळें फोडणें, शेंगा सोलणें, साल काढून कोंब खाणें यांवर पोपटाचें पोट अवलंबून आहे. घरटेंही तो काड्यांचें बांधीत नाहीं. झाडाची ढोली कुरतडून मोठी करितो. म्हणजे लाकूड पोखरणें हें त्याचें सुतारकाम व सोलणें हें स्वयंपाकघर होय.

पुष्कळांची अशी समजूत आहे कीं चोच नखाप्रमाणें वाढते, ती झिजावी म्हणून कांहींतरी चावावयास द्यावें, एवढाच या खेळण्यांचा उद्देश. चोच जन्मभर वाढते हें खरें. परंतु निरोगी पोपट वरची व खालची चोच एकमेकींवर घांसून ती बरीचशी आपली आपणच ठीक ठेवितो. चोच बेसुमार वाढूं लागली तर पुष्कळदां यकृताचा विकार अथवा खरजेचे किडे हें कारण असतें व तेथें जनावरांच्या डॉक्टरकडेच गेलें पाहिजे. खेळण्याची खरी गरज चोचीहून मनास अधिक आहे.

याचें मर्म वेळेच्या हिशेबांत आहे. पोर्टोरिको बेटावरील रानटी अ‍ॅमेझॉन पोपटांचें निरीक्षण करणारांस असें आढळलें कीं ते दिवसाचे चार ते सहा तास अन्न शोधण्यांत व सोलण्यांत घालवितात. त्याच कुळांतील पिंजऱ्यांतील पोपटास तयार गोळीचें खाद्य वाटींत दिलें म्हणजे त्याचें हें काम सुमारें तासाभरांत आटोपतें. उरलेले तास त्यानें काय करावें? तबेल्यांत नुसता बांधून ठेविलेला घोडा गव्हाण चावूं लागतो व हवा गिळूं लागतो, हें घोडी बाळगणारांस ठाऊक आहे. त्याचें पोट भरलेलें असतें, तरीही त्याच्या तोंडास काम हवें असतें. पोपटाचें तसेंच आहे. लाकूड न मिळाल्यास तो पिंजऱ्याच्या तारा चावतो, एकाच जागीं डुलत राहतो, तासन्‌तास किंचाळतो, आणि शेवटीं स्वतःचींच पिसें उपटूं लागतो.

हें शेवटचें लक्षण ओळखावयास सोपें आहे. छाती, मांड्या, पंखांखालची जागा उघडी पडते, परंतु डोक्यावरचीं पिसें जशींच्या तशीं असतात, कारण तेथें त्याची चोच पोंचत नाहीं. डोक्यावरचींही पिसें गेलीं असतील तर दुसरा रोग किंवा जोडीदार पक्षी यांचा संशय घ्यावा. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांकडे करडा पोपट आहे. पितळी घंटा, आरसा, रंगीत प्लॅस्टिकचा झोपाळा असा सारा थाट. तरी वर्षाच्या आंत छाती कोंबडीसारखी उघडी पडली. घरच्यांस वाटलें, पक्ष्यास दृष्ट लागली. डॉक्टरांनीं तपासून रोग नाहीं असें सांगितल्यावर घंटा व आरसा काढून बांबू, पुठ्ठा व मक्याचीं कणसें टांगण्यांत आलीं. पुढील पिसेंगळतीनंतर छाती भरली. डाव्या पंखाखालची जागा मात्र उघडीच राहिली; पीस वारंवार उपटल्यानें मूळच खराब झालें तर तेथें पुन्हां पीस उगवत नाहीं. म्हणून उशीर करूं नये.

ही एका घरची गोष्ट झाली, परंतु शास्त्रीय प्रयोगही हेंच सांगतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सोळा तरुण अ‍ॅमेझॉन पोपटांचे दोन गट केले होते. एका गटास अन्न शोधून काढावें लागेल अशीं साधनें व चावण्याच्या वस्तू दिल्या, दुसऱ्यास साधा पिंजरा. पहिल्या गटाचीं पिसें चांगलीं राहिलीं, दुसऱ्याचीं खराब होत गेलीं. आणि त्या दुसऱ्या गटास तींच साधनें दिल्यावर त्याचींही स्थिति सुधारली. पुढें २०२१ सालीं कॅनडांतील ग्वेल्फ विद्यापीठाच्या पुढाकारानें पन्नास जातींच्या तेराशेंहून अधिक पाळींव पोपटांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्या जातींचें रानांतील अन्न कठीण कवचाचें, फोडावयास मेहनतीचें असतें, त्या जाती पिंजऱ्यांत पिसें अधिक नासतात असें तींत दिसून आलें. आणि ज्यांचा मेंदु शरीराच्या मानानें मोठा, त्या तारा चावणें, येरझारा घालणें अशा निरर्थक चाळ्यांस अधिक बळी पडतात.

चावण्यांत बुद्धि किती असते याचें एक नवल येथेंच सांगतों. ऑस्ट्रियांत व्हिएन्नाजवळ पाळलेल्या फिगारो नांवाच्या एका काकाकुव्यानें तारेच्या पलीकडे पडलेला दाणा ओढून घेण्यासाठीं लाकडी तुळईची लांब ढलपी चोचीनें काढून तिची काठी केली. त्यास कोणी शिकविलें नव्हतें. २०१२ सालीं हें वृत्त शास्त्रीय मासिकांत छापून आलें. आपल्या पोपटानें दाराची चौकट कुरतडली म्हणून त्यास मारावयास धांवणारांनीं हें ध्यानांत घ्यावें.

लोकांची मुख्य तक्रार अशी कीं, ‘ऐंशी रुपयांचें खेळणें आणलें आणि दोन दिवसांत त्याचा भुगा झाला.’ आम्ही म्हणतों, मग पैसे सार्थकीं लागले. बैलास पेंड घातली व ती संपली म्हणून कोणी हळहळत नाहीं. जें खेळणें वर्षभर जसेंच्या तसें टिकतें तें पक्ष्याच्या उपयोगीं पडलेलें नाहीं असें खुशाल समजावें. आणि शहरांतील माणसास जें विकत घ्यावें लागतें तें शेतकऱ्याच्या खळ्यावर पडलेलें असतें. दाणे काढलेलें मक्याचें कणीस, बाजरीचें अखंड कणीस, पेरू व शेवगा यांच्या डहाळ्या, बांबूचीं पेरें, नारळाची करवंटी व सोडण, कोरा पुठ्ठा यांहून अधिक कांहीं लागत नाहीं. बांबूच्या पेरांत चार दाणे घालून तोंड कागदाच्या बोळ्यानें बंद करावें. पत्रावळीच्या पानांत शेंगदाणे गुंडाळून पुडी टांगावी. रोजच्या खाद्यांतलाच कांहीं भाग असा लपवून दिला म्हणजे खर्चही वाढत नाहीं. बजरीगरसारख्या लहान पक्ष्यास कागद, गवताच्या काड्या, कोंवळी डहाळी असें मऊ द्यावें. मकावास मनगटाएवढें लाकूडही पुरत नाहीं. करडा पोपट नवीन वस्तूस भितो. त्याच्यासाठीं ती वस्तु आधीं दोनचार दिवस पिंजऱ्याबाहेर, त्यास दिसेल अशी, लांब ठेवावी व मग हळूहळू जवळ आणावी.

बागाईतदार बंधूंनीं मात्र एका बाबतींत फार जपावें. द्राक्षवेलीची छाटणी पोपटास आवडते, परंतु आपल्या बागेंतील वेलीवर वर्षभर मोरचूद व नाना औषधें फवारलेलीं असतात. तीच गोष्ट पऱ्हाटीची. फवारलेल्या पिकाची काडी पिंजऱ्यांत कदापि जाऊं देऊं नये. कुंपणाची कण्हेर, रुई, धोत्रा, एरंड हीं विषारी होत. जस्ताचा मुलामा दिलेली तार व शिशाचा जुना रंग चावल्यानें पक्षी मरतो. सुतळी व नायलॉनच्या दोऱ्याचे धागे पायास गुरफटतात, गिळले तर पोटांत गोळा होतो. बुरसलेल्या भुईमुगाच्या शेंगा देऊं नयेत. त्या बुरशीचें विष यकृत नासतें.

पोपट बहुधा लाकूड गिळीत नाहीं, तुकडे करून खालीं टाकतो. तरी नवीन वस्तु दिल्यावर पहिले कांहीं दिवस त्याची विष्ठा व खालीं पडलेला भुगा पाहात जावा. हा भुगा रोज काढावा, पण सुका झाडूं नये. आधीं पाणी शिंपडावें व नाकातोंडास फडकें बांधावें, कारण सुकलेल्या विष्ठेच्या धुळींतून माणसास फुप्फुसाचा ताप जडूं शकतो. लहान मुलांकडून हें काम करवूं नये. कोणास खोकला व ताप दोन्ही आले तर घरांत पोपट आहे हें डॉक्टरांस आपण होऊन सांगावें.