देवगिरीच्या आधीचे यादव

नाशिकजवळच्या अंजनेरीच्या पडझड झालेल्या देवळांमध्ये एका जैन मंदिरात शके १०६३ चा संस्कृत शिलालेख आहे. त्यात लढाई नाही, दिग्विजय नाही; दुकाने आहेत. आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ यांच्या मंदिरासाठी यादव सेउणदेवाने नगरातल्या काही दुकानांचे उत्पन्न लावून दिले. वत्सराज नावाच्या धनिक व्यापाऱ्यानेही एक दुकान आणि एक घर दिले. पेठ भरलेली असल्याखेरीज असे दान होत नाही.

यादव म्हटले की आपल्याला देवगिरी, रामदेवराय आणि अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी एवढेच आठवते. पण या घराण्याची पहिली तीन शतके नाशिकच्या मुलखात गेली, तीही मांडलिक म्हणून. घराण्याचा मूळपुरुष दृढप्रहार याने चंद्रादित्यपुरात जम बसवला. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे आजचे चांदवड. त्याचा मुलगा सेउणचंद्र याच्या नावावरून प्रदेशाला सेउणदेश म्हणू लागले आणि पुढे कारभार सिन्नरहून चालला.

मांडलिकाची कसोटी लागते ती सम्राट बदलतो तेव्हा. वद्दिग यादव राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या मोहिमांत लढला होता; त्याची राणी कृष्णाच्या धाकट्या भावाची मुलगी. इ.स. ९७३ मध्ये चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांचे राज्य बुडवले. आता सोयरीक सांभाळायची की मुलूख? दुसऱ्या भिल्लमाने मुलूख सांभाळला. त्याने तैलपाचे स्वामित्व मानले आणि माळव्याच्या मुंजाविरुद्ध त्याच्यासाठी तलवार गाजवली. शके ९२२ चा संगमनेर ताम्रपट हा पराक्रम अभिमानाने सांगतो. याला संधिसाधूपणा म्हणणे सोपे आहे, पण माळवा आणि दख्खन यांच्या मधोमध राहणाऱ्याला तटस्थ राहण्याची सोयच नव्हती.

त्याच काळात युरोपात बार्सेलोनाचा काउंट दुसरा बोरेल याच पेचात होता. इ.स. ९८५ मध्ये मुस्लिम स्पेनचा सेनानी अल्मन्सूर याने त्याचे शहर लुटले, त्याचा धनी असलेल्या फ्रँक राजाची कुमक आलीच नाही. दोन वर्षांनी ह्यू कापे फ्रँकांच्या गादीवर बसला, तेव्हा बोरेल त्याच्यापुढे निष्ठा वाहायला गेला नाही. त्याचा धनी पिरेनीज डोंगरांपलीकडे होता, म्हणून हे साधले.

यादवांनी वेगळा मार्ग धरला. तिसरा भिल्लम चालुक्य जयसिंहाचा जावई झाला. दुसऱ्या सेउणचंद्राने चालुक्य सहाव्या विक्रमादित्याला शत्रूंच्या वेढ्यातून सोडवून कल्याणीच्या गादीवर बसवले, असे पुढच्या काळातला यादवांचा मंत्री हेमाद्री याने दिलेली राजप्रशस्ती सांगते. प्रशस्तीतली अतिशयोक्ती वजा केली तरी सिन्नरच्या सामंताचे वजन किती वाढले होते ते कळते. अखेर बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात चालुक्य खिळखिळे झाले आणि पाचव्या भिल्लमाने स्वातंत्र्य पुकारून देवगिरीला राजधानी केली.

यादवांचा इतिहास देवगिरीपासून सुरू करणे नाशिकवर अन्याय करणारे आहे. शाळांच्या सहली देवगिरीला जरूर न्याव्यात. पण त्याआधी एक दिवस चांदवड आणि सिन्नरला द्यावा.