मीटरचा लाल दिवा मोजताना
(लेखमाला : बिलामागचं गणित, भाग ४)

मागच्या आठवड्यात बिलाची पुढची बाजू वाचली : स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क. त्यानंतर कर्जत-खोपोलीकडच्या ओळखीच्यांनी गाठून एकच विचारलं, "वीज आमच्या उशाला तयार होते, मग आम्हालाच एवढं बिल कसं?"

प्रश्न रास्त आहे. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, कर्जत तालुक्यातलं भिवपुरीचं १९२२ मध्ये. लोणावळा, वळवण, ठोकरवाडी इथे घाटमाथ्यावर पाणी अडवायचं, पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून जाड नळांतून खाली सोडायचं आणि तयार झालेली वीज तारांवरून मुंबईला धाडायची, अशी ती योजना. सुरुवातीचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे गिरण्या. आपल्या वाट्याला टर्बाइन फिरवून सुटलेलं पाणी आलं. तेही काही थोडं नाही, भिवपुरीच्या पाण्यावर राजनाला वाहतो आणि कर्जतच्या खाचरांत उन्हाळी भात होतो. पण घरातली वीज आपण महावितरणची घेतो, आणि महावितरणचा घरगुती दर कर्जतला जो, तोच लातूरला आणि गडचिरोलीला. केंद्र जवळ आहे म्हणून बिलात एक पैसा कमी होत नाही. तेव्हा हा राग तूर्त बाजूला ठेवू.

आता दराचं पाहू. पहिली शंभर युनिटं स्वस्त, त्यापुढची दोनशे जवळजवळ दुप्पट महाग. जुलै २०२५ च्या दरपत्रकात वहन आकार धरून शंभरपर्यंत युनिटाला ५ रुपये ९० पैसे पडत होते आणि १०१ ते ३०० पर्यंत ११ रुपये ११ पैसे. वर १६ टक्के वीज शुल्क. इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे : शंभरच्या वर एक जरी युनिट गेलं तरी सगळ्याच युनिटांना वाढीव दर लागतो. तसं होत नाही. वाढीव दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. म्हणून तीस तारखेला मेन स्विच पाडून बसण्यात काही अर्थ नाही.

पण याच नियमाची दुसरी बाजू फायद्याची आहे. आपण वाचवतो ते युनिट नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातलंच असतं. १४० युनिटं वापरणाऱ्या घराने ४० वाचवली, तर वापर २९ टक्के कमी होतो, पण युनिटांची रक्कम १०३४ वरून ५९० वर येते, म्हणजे ४३ टक्के कमी. स्थिर आकार तेवढा जागचा हलत नाही. तर ही चाळीस युनिटं शोधायची कुठे?

मीटरपाशी. मीटरच्या तोंडावर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि जवळच बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो. बऱ्याच घरगुती मीटरांवर तो ३२०० असतो. दिवा तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. (तुमच्या मीटरवर दुसरा आकडा असेल तर हिशोब त्याने करा. मीटरच्या सीलला मात्र हात लावू नका.) घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा, आणि एकेक वस्तू चालू करत घड्याळ लावून मोजा. ७५ वॉटचा जुना छताचा पंखा फुल्ल वेगात मिनिटाला चार वेळा लुकलुकवतो. दोन हजार वॉटचा गिझर मिनिटाला शंभरच्या वर, सेकंदाला जवळजवळ दोनदा. आणि देवघरातला नऊ वॉटचा एलईडी? दोन मिनिटांत एकदा. ज्या दिव्यावरून घरात सर्वात जास्त ओरडा होतो, त्याचा खर्च सर्वात कमी, हे मोजल्याशिवाय कुणाला पटत नाही.

हा प्रयोग मी माझ्याच घरी पहिल्यांदा केला तेव्हा सगळं बंद करूनही दिवा लुकलुकतच होता. मिनिटाला तीन वेळा. तासाला १८०, दिवसाला ४३२०, म्हणजे रोज १.३५ युनिट. महिन्याची बरोब्बर चाळीस! अर्धा तास सगळी सॉकेटं तपासली. अखेर पोटमाळ्यावर हात फिरवला तर इन्व्हर्टर कोमट लागला. पावसाळ्यात लाईट जाते म्हणून आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टर असतो. माझ्या इन्व्हर्टरची बॅटरी कधीच संपली होती आणि तो तिला रात्रंदिवस चार्ज करत बसला होता. दोन वर्षांपासून मी शुल्कासकट महिन्याला पाचशे रुपये त्या मेलेल्या बॅटरीला चारत होतो, आणि मुलांना म्हणत होतो, पंखे बंद करा.

सगळी उपकरणं काढूनही दिवा लुकलुकत असेल तर वायरिंगमध्ये गळती असू शकते. वायरमनला बोलवा, स्वतः बोर्ड उघडू नका. घरातला मेन स्विच पाडल्यावरही लुकलुकत असेल तर तुमच्या मीटरनंतर, मेन स्विचच्या आधी कुणीतरी वीज घेतंय किंवा मीटरच बिघडलंय. तेव्हा महावितरणच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या.

पंख्याकडे परत येऊ, कारण चैत्र-वैशाखात कर्जतचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पंखा थांबतच नाही. जुना पंखा रोज पंधरा तास फिरला तर महिन्याला सुमारे ३४ युनिटं. नवा बीएलडीसी पंखा तीसेक वॉटवर चालतो, त्याची साडेतेरा. एका पंख्यामागे वीस युनिटं. शंभरच्या वर असलेल्या घरात तो साधारण वर्ष-दीड वर्षात आपली किंमत फेडतो. पण पंधरा तास चालणारा पंखाच बदला, पाहुण्यांच्या खोलीतला नको. आणि भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढायला सांगा, हे पंखे त्याच्यावर नीट चालत नाहीत.

गिझरचं एवढंच : पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायला साधारण ०.६ युनिट लागतं. त्यानंतर तो चालू राहिला तर टाकीतलं पाणी थंड होत जातं आणि तो ते पुन्हा तापवत राहतो. पाण्याच्या मोटारीचंही तसंच. एक अश्वशक्तीची मोटर तासाला सुमारे एक युनिट खाते. खोपोलीच्या सोसायट्यांत टाकी भरून पाणी गच्चीवरून वाहताना दिसतं, तेव्हा बिलही वाहत असतं. तरंगता स्विच काहीशे रुपयांत बसतो. शनिवार-रविवारचं घर असणाऱ्यांनी पाच दिवस रिकामा फ्रिज चालू का ठेवावा, हे मला तरी अजून कळलेलं नाही.

आता वेळेचं. वेळेनुसार वापर मोजणारे नवे टीओडी मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचच्या वापरावर युनिटामागे ८० पैशांपासून सवलत लागू झाली. दिवसा सूर्याची वीज भरपूर असते, ताण पडतो तो संध्याकाळी. खोपोली-भिवपुरीचं पाणीही मुख्यतः त्या ताणाच्या तासांसाठी राखलं जातं, कारण जलविद्युत केंद्र काही मिनिटांत चालू करता येतं. तुमच्याकडे नवं मीटर असेल तर मोटर, वॉशिंग मशीन आणि इस्त्री पाचच्या आत उरकून घ्या.

पुढच्या आठवड्यात छपरावरच्या सौर पॅनेलचा हिशोब मांडणार आहे, आपल्याकडचे पावसाचे चार महिने धरून. तोवर एक काम करा. रात्री सगळे झोपल्यावर मीटरसमोर पाच मिनिटं उभे राहा, दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा आणि तो आकडा बिलाच्या मागे लिहून ठेवा. पुढचा भाग वाचताना तो लागेल.